खालची अक्कलदाढ काढायची आहे : पुण्यात खर्च किती येतो आणि ती कोणाकडून काढून घ्यावी?

रानजाई

नमस्कार. माझे वय 29 असून मी कोथरूडला राहते. माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ अर्धवटच वर आली आहे आणि तिच्या मागच्या भागावर हिरडीची एक झडप तशीच राहिली आहे. त्या झडपेखाली अन्नकण अडकून गेल्या सात महिन्यांत तीनदा हिरडी सुजली. शेवटच्या वेळी तर तोंडात दोन बोटेही जेमतेम जात होती आणि आवंढा गिळताना कानापर्यंत कळ जात होती. दर वेळी पाच दिवसांच्या गोळ्यांनी सूज उतरते, दीड-दोन महिने बरे जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होते.

दाढ काढायची हे आता मनाशी ठरले आहे; गोंधळ आहे तो आकड्यांचा. घराजवळच्या दवाखान्यात नुसते तोंड पाहून साडेतीन हजार रुपये सांगितले. दुसऱ्या, जरा मोठ्या दवाखान्यात आधी एक्स-रे काढून आणायला सांगितला आणि अंदाजे साडेसात ते साडेआठ हजार होतील असे म्हटले. तिसऱ्या ठिकाणी मात्र चारही अक्कलदाढा पूर्ण भूल देऊन एकदमच काढून टाका, पंचावन्न हजारांत सगळे होऊन जाईल, असा सल्ला मिळाला. वरच्या दोन्ही दाढा सरळ आलेल्या आहेत आणि त्यांचा मला काहीही त्रास नाही. एकाच तोंडासाठी तीन दवाखान्यांत इतका फरक कसा पडतो, कोणाचे ऐकावे, आणि कार्यालयातून किती दिवसांची रजा घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. आईचे म्हणणे असे की वरची दाढ काढली की नजर अधू होते. त्यात काही तथ्य असल्यास तेही सांगावे.

खडीसाखर

मी गेल्या वर्षी औंधमध्ये दोन अक्कलदाढा काढून घेतल्या, एक वरची आणि एक खालची. वरची इतर दाढांसारखीच दहा मिनिटांत निघाली आणि तिचे 1,500 रुपये घेतले. खालची आडवी होती. तिला पाऊण तास लागला, चार टाके पडले आणि 7,000 रुपये झाले. दोन्ही एकाच डॉक्टरांनी, एकाच खुर्चीत, महिनाभराच्या अंतराने काढल्या. तेव्हा दवाखान्यांत तर फरक असतोच, पण दाढेदाढेतही असतो, हे आधी लक्षात घ्यावे. साडेतीन हजार सांगणाऱ्यांनी एक्स-रे पाहिलेला नसेल, तर तो आकडा अजून आकडाच नव्हे.

जुना_दंतवैद्य

मी मुखशल्यचिकित्सा हा विषय बरीच वर्षे शिकवला आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे इथे कोणाची भलामण करण्याचे मला कारण नाही. थोडे सविस्तर लिहितो.

अक्कलदाढेचा दर दाढेवर ठरत नसून ती हाडात किती खोल आहे आणि कोणत्या कोनात झुकली आहे, यावर ठरतो. ती पूर्ण वर आलेली असेल तर नेहमीच्या चिमट्याने निघते. पुढच्या दाढेकडे झुकलेली असेल (अडकलेल्या खालच्या अक्कलदाढांत हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो), तर हिरडी उघडून, भोवतीचे थोडे हाड कोरून आणि दाढेचे दोन-तीन तुकडे करून ते एकेक बाहेर काढावे लागतात. मागे, म्हणजे कानाच्या दिशेने झुकलेली खालची दाढ चित्रात सोपी दिसते, पण काढताना नवख्यालाच काय, जाणत्यालाही घाम फोडते. म्हणून ओ.पी.जी., म्हणजे दोन्ही जबडे एकाच पट्टीत दाखवणारा एक्स-रे, पाहिल्याशिवाय कोणी ठाम रक्कम सांगत असेल तर ती पुढे वाढणार असे समजावे. पुण्यात हा एक्स-रे साधारण चारशे ते आठशे रुपयांत होतो.

त्या एक्स-रेत आणखी एक गोष्ट पाहायची असते. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नलिका जाते आणि तिच्यातून खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. अक्कलदाढेची मुळे कधी या नलिकेला टेकलेली असतात. तशी शंका आली तरच सी.बी.सी.टी. हे त्रिमितीय छायाचित्र काढण्यात अर्थ असतो. त्याला दोन-अडीच हजार किंवा जास्तही लागतात, आणि सरसकट प्रत्येकाला ते काढायला लावणे मला पटत नाही. नस दुखावली तर ओठाचा तो भाग बधिर राहतो. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, फार थोड्यांची कायमची जाते. मुळे नसेला फारच बिलगलेली असतील तर केवळ दाढेचा माथा कापून मुळे हाडातच ठेवण्याचाही मार्ग आहे. हा धोका तुमच्या दाढेत किती आहे हे डॉक्टरांना एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगा. ते दाखवतील त्यावरून माणूस कसा आहे तेही कळेल.

आता कोणाकडून, हा प्रश्न. हाड कोरावे लागणार असेल तर मुखशल्यचिकित्सेत एम.डी.एस. (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेल्या व्यक्तीकडून दाढ काढून घ्यावी. त्यासाठी मोठे रुग्णालय गाठण्याची गरज नसते, कारण आपल्याकडे पुष्कळ दवाखान्यांत असे शल्यचिकित्सक ठरलेल्या दिवशी बाहेरून येतात. मात्र दाढ प्रत्यक्षात कोण काढणार आणि सांगितलेल्या रकमेत त्यांचे शुल्क, टाके काढणे व नंतर काही बिघडल्यास पुन्हा दाखवणे हे सगळे धरले आहे का, हे आधीच विचारून घ्या. दोन दवाखान्यांच्या आकड्यांतला बराचसा फरक या उत्तरांतच सापडतो.

चारही दाढा एकदम काढण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्या दाढा सरळ आल्या आहेत, ज्यांना ब्रश पोहोचतो आणि ज्या दुखत नाहीत, त्या काढण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये 2000 साली नाइस या संस्थेने रोग नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा निव्वळ खबरदारी म्हणून काढू नयेत असे मार्गदर्शन दिले, त्यामागचा विचार हाच होता. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. झुकलेली दाढ पुढच्या दाढेला टेकली की दोघींच्या मधल्या फटीत कीड लागते आणि ती बाहेरून दिसत नाही. असे रुग्ण मी पुष्कळ पाहिले, ज्यांनी सात-आठ हजार वाचवण्यासाठी अक्कलदाढ ठेवली आणि नंतर पुढच्या चांगल्या दाढेचे रूट कॅनाल आणि कॅप यांवर त्याच्या दुप्पट घालवले. तेव्हा तुमच्या एक्स-रेत पुढच्या दाढेची मागची कड स्वच्छ आहे का, हे आवर्जून पाहून घ्या. तुम्हाला तीनदा सूज आली आहे, त्यामुळे ही एक दाढ काढणे योग्यच ठरेल. फक्त सूज असताना नव्हे, ती पूर्ण उतरल्यावर, कारण सुजलेल्या जागी भूल नीट लागत नाही.

पूर्ण भूल एका दाढेसाठी सहसा लागत नाही. जागेवरच्या भुलीत दुखत नाही, पण दाब आणि यंत्राचा आवाज जाणवतो, एवढी मनाची तयारी ठेवावी. राहता राहिली नजर. दातांच्या नसा आणि दृष्टीची नस या वेगवेगळ्या आहेत. वरची दाढ काढल्याने नजर कमी होत नाही. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातल्या पोकळीजवळ असतात आणि तिथे काळजी घ्यावी लागते, पण तिचा डोळ्याने दिसण्याशी संबंध नाही. आईंना माझा नमस्कार सांगून हे सांगावे.

हिशेबनीस

पैशांपुरते दोन मुद्दे. आरोग्यविम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये अपघात वगळता दातांचे उपचार धरलेले नसतात, मात्र काही कंपन्यांच्या सामूहिक विम्यात बाह्यरुग्ण उपचारांसाठी वेगळी मर्यादा असते आणि तिच्यात हा खर्च बसू शकतो. म्हणून मनुष्यबळ विभागाकडून आधी लेखी उत्तर घ्या आणि पावतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, दाढेचा क्रमांक व शस्त्रक्रियेचे नाव लिहून घ्या. दुसरे असे की आजारावरील उपचार वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत; दाढ काढण्याच्या बिलावर कोणी 18 टक्के लावले तर विचारायला संकोचू नये.

गिरगावकर

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी लिहितो. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय, या ठिकाणी हेच काम खासगी दराच्या अगदी थोड्या अंशात होते. माझ्या भावाची आडवी दाढ अशाच एका महाविद्यालयात केसपेपर, एक्स-रे आणि शस्त्रक्रिया मिळून हजार रुपयांच्या आत निघाली. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टर मुलीने ती काढली आणि प्राध्यापक शेजारी उभे होते. पैसे वाचतात, पण वेळ जातो: पहिल्या दिवशी केसपेपर व तपासणी, मग तारीख, मग शस्त्रक्रिया, मग टाके, अशा चार खेपा धरून चालावे. पुण्यातही खासगी दंत महाविद्यालयांमध्ये दवाखान्यांपेक्षा दर बरेच कमी असतात.

मुक्काम_लीड्स

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या दंतवैद्याने दाढ काढली तर ती दुसऱ्या श्रेणीच्या शुल्कात येते आणि एप्रिल 2025 मध्ये ते 75.30 पौंड झाले होते; त्या एका उपचारक्रमात एक दाढ निघो वा दोन, शुल्क तेवढेच. खासगीत मला 350 पौंड सांगितले. डिसेंबरात मी दोन आठवडे पुण्यात येणार आहे, तेव्हा तिथेच काढून घ्यावी असा विचार आहे. हे शहाणपणाचे होईल का?

जुना_दंतवैद्य

होईल, पण उतरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच काढून घेतली तर. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. हाडाची खाच उघडी पडून ठणका लागण्याचा त्रास झालाच तर बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी होतो, आणि टाके साधारण सातव्या दिवशी निघतात. परतीच्या विमानाच्या आदल्या आठवड्यात काढलीत तर हे सगळे तिकडे जाऊन निस्तरावे लागेल. लग्नकार्याची आमंत्रणे दुसऱ्या आठवड्यात ठेवा.

सोनटक्का

वडील 68 वर्षांचे आहेत, रक्त पातळ होण्याची गोळी घेतात. दाढ काढण्याआधी ती बंद करावी का? आणि आई हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा इंजेक्शन घेते, तिच्याबाबत काही वेगळे आहे का?

जुना_दंतवैद्य

गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. एकटी ॲस्पिरिन असेल तर सहसा ती चालू ठेवूनच दाढ काढतात; दुसरी औषधे असतील तर हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन मगच तारीख ठरवावी. आईंच्या इंजेक्शनाची गोष्ट दंतवैद्याला न विसरता सांगा, कारण त्यातल्या काही औषधांमुळे दाढ काढल्यावर जबड्याचे हाड भरून येण्यास अडथळा होऊ शकतो. घरात कोणी मिश्री लावत असेल किंवा तंबाखू, सिगारेट घेत असेल, तर जखम भरेपर्यंत ती पूर्ण थांबवावी. खाच उघडी पडण्याचे ते मोठे कारण आहे.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आता सांगण्यासारखे हिशेबासकट आहे.

ओ.पी.जी. काढला, त्याचे 500 रुपये झाले. दाढ पुढे झुकलेली निघाली, मुळे नसेच्या नलिकेपासून दूर होती, त्यामुळे सी.बी.सी.टी. लागला नाही. पुढच्या दाढेच्या मागच्या कडेला कीड नुकतीच सुरू झाली होती, ती आता चांदी भरून थांबेल असे डॉक्टर म्हणाले. आधी एक्स-रे मागणाऱ्या त्या दुसऱ्या दवाखान्यातच गुरुवारी येणाऱ्या शल्यचिकित्सक बाईंनी दाढ काढली. 7,500 रुपयांत टाके काढणे आणि नंतरच्या भेटी धरलेल्या आहेत, हे मी आधी लिहून घेतले होते. औषधे 430 रुपयांची. एकूण 8,430, आणि चांदी भरण्याचे पुढच्या महिन्यात 1,200 होतील. विम्यातून काहीही मिळाले नाही. वरच्या दाढा जिथल्या तिथे आहेत.

शस्त्रक्रियेला चाळीस मिनिटे लागली. कापसाचा बोळा तासभर दाबून धरला, पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावला, थुंकणे आणि स्ट्रॉने पिणे टाळले, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा भरल्या. दोन दिवस गार नाचणीची आंबील आणि ताकभात, नंतर मुगाची मऊ खिचडी. रजा तीन दिवसांची घेतली होती, चार लागले, कारण चौथ्या दिवशी पहाटे कानशिलापर्यंत ठणका सुरू झाला आणि तोंडाला वास येऊ लागला. खाच उघडी पडली होती. बाईंनी ती धुऊन लवंगेच्या तेलाच्या वासाची औषधी पट्टी आत ठेवली आणि अर्ध्या तासात ठणका निम्म्यावर आला. तशा दोन भेटी झाल्या, त्यांचे वेगळे पैसे द्यावे लागले नाहीत.

टाके सातव्या दिवशी निघाले. दाढेच्या जागी अजून करंगळीचे टोक जाईल एवढा खळगा आहे. तो भरून यायला काही आठवडे लागतील असे सांगितले आहे, तोवर प्रत्येक जेवणानंतर बिनसुईच्या सिरिंजने तिथे कोमट पाणी मारते. कालच त्यातून तिळाचा एक दाणा निघाला.