यवतेश्वर घाट चढताना श्वासाचा ताल कसा ठेवावा?

घाटवाट
साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी चालू आहे. सपाटीला तीन पावलांत श्वास आत, दोन पावलांत बाहेर, हा ताल बसलाय. यवतेश्वरचा चढ लागला की किलोमीटरभरात तो मोडतो, नाडी १५० वरून १७५ वर जाते. काही जण म्हणतात, नाकानेच श्वास घे. चढाला ते जमतं का? आणि श्वास लांबवून नाडी खाली आणता येते का?

दमसास
चढाला ३-२ चा हट्ट सोडा. धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी, आणि चढावर तो भराभर तयार होतो. मिनिटाला १६० पावलं धरली तर ३-२ म्हणजे ३२ श्वास, २-२ म्हणजे ४०. चढ लागायच्या शंभरेक पावलं आधीच २-२ वर या. २-१ केलंत तर पन्नासच्या पुढे जाल आणि श्वास उथळ होईल. उथळ श्वास का फसवतो बघा: प्रत्येक श्वासातली साधारण १५० मिली हवा श्वासनलिकांतच राहते. ३०० मिलीचे ४० श्वास म्हणजे १२ लिटर, पण वायुकोशांपर्यंत (फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांपर्यंत) पोचतात ६. ६०० मिलीचे २० घेतले तर त्याच १२ लिटरमधले ९ पोचतात. पळताना आकडे कितीतरी मोठे असतात, गणित हेच. म्हणून आधी पूर्ण सोडा, आत आपोआप येतो.

नाक वॉर्मअपच्या १०-१५ मिनिटांना उत्तम. घाटात तोंड उघडू द्या.

नाडीपरीक्षा
नाडीबद्दल. बसल्या जागी श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. हे व्हेगस नसेचं, म्हणजे हृदयाचा वेग आवरणाऱ्या नसेचं काम. व्यायाम सुरू झाला की ही नस आपला लगाम सैल सोडते, आणि ठोके साधारण १०० च्या पुढे गेले की हृदयाला पळवणाऱ्या सिंपथेटिक मज्जायंत्रणेचा जोर वाढत जातो. त्यामुळे १७५ ला लांब उच्छ्वासाने फारसं काही होणार नाही. तिथे पाऊल आखूड करा, नाहीतर चाला.

उच्छ्वासाचा उपयोग वर पोचल्यावर. एकदम थांबू नका, पोटऱ्यांचा पंप बंद पडून रक्त पायात साचतं आणि चक्कर येते. ३ ते ५ मिनिटं चाला, मग बसून ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर. पहिल्या मिनिटात, चालत असताना, नाडी १२ ठोके किंवा त्याहून कमीच उतरत असेल आणि हे वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

घाटवाट
धन्यवाद दादा. चढासाठी स्क्वॉट करतो, तेव्हा उठताना श्वास कोंडला जातो. चालेल?

दमसास
हलक्या वजनाला कोंडू नका, उठताना सोडा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. त्याच वेळी छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, म्हणून वजन ठेवल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीचा त्रास असलेल्यांनी तर हे टाळाच.