फेरीबोटीत बसून पाहुणा पुढच्या गावी जातो, आपला फोन का जात नाही?

खाडीकाठ (गुहागर तालुका)

पाहुण्यांसाठी चार खोल्यांचं घर चालवतो, तेरा वर्षं झाली. गेल्या ३१ डिसेंबरला रात्री साडेनऊला दारात दोन गाड्या एकदम उभ्या राहिल्या. एक कुटुंब पुण्याचं, फोनवर बोलून, निम्मा ॲडव्हान्स भरून आलेलं. दुसरं खोल्या बुक करायच्या ऑनलाइन पोर्टलवरून, त्याच खोलीत. चूक माझीच. दुपारी फोनवर खोली दिली, पोर्टलच्या कॅलेंडरवर बंद करायची राहिली आणि संध्याकाळी ती तिथेही विकली गेली. गावातल्या होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, 'एक खोली आहे का कुणाकडे?' सोळा जणांनी बघितलं. उत्तर दोघांचं. एकाने अंगठा दाखवला (म्हणजे इमोजी, पण अर्थ तोच), दुसऱ्याने सहा हजार सांगितले. शेवटी पडवीत गाद्या घातल्या, मच्छरदाण्या बांधल्या. चार दिवसांनी कळलं, वेळणेश्वरात माझ्या ओळखीच्याच एका घरी त्या रात्री दोन खोल्या रिकाम्या होत्या. गाडीने पाऊण तास.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. आपल्या किनाऱ्यावर पाहुणा एका जागी ठाण मांडत नाही. श्रीवर्धन-हरिहरेश्वर करतो, बागमांडल्याहून फेरीने वेश्वीला उतरतो, केळशी-आंजर्ले-हर्णै बघतो, दाभोळहून धोपाव्याला येतो, गुहागर-हेदवी करून तवसाळहून जयगडला आणि तिथून गणपतीपुळ्याला. दर खाडीला एक-दोन रात्री. शेजारचा होमस्टेवाला माझा स्पर्धक असेलही, पण खाडीपलीकडचा कसा? त्याच्याकडून निघालेला पाहुणा माझ्याकडे येतो, माझ्याकडून निघालेला त्याच्या पुढच्याकडे.

म्हणून म्हणतो, दर खाडीला चार-पाच घरं घेऊन पंचवीसेक घरांचं आपलं ऑनलाइन जाळं करू. एक कॅलेंडर, एक नंबर, एक सामाईक खातं, पाठवलेल्या पाहुण्यामागे ५ टक्के. पोर्टलला मी २० टक्के देतो. २५०० च्या खोलीमागे ५०० कमिशन, त्यावर १८ टक्क्यांनी ९० रुपये जीएसटी, हातात १९१०. पटत नसेल तर तसं लिहा, राग नाही.

देवबागकर

दादानू, माका ह्या काय पटला नाय.

तुमचा घोटाळा पोर्टलने केला नाही, कॅलेंडर बंद न केल्याने झाला. आता एका माणसाच्या जागी पंचवीस जण बंद करायला विसरणार.

माझ्या तीन खोल्या. आधी माझा पाहुणा म्हणजे मुंबईचा चाकरमानी आणि फार तर त्याच्या ऑफिसातले चार जण. पोर्टलवर गेल्यावर इंदूर, हैदराबादची माणसं यायला लागली. त्यांनी आमच्या मालवणजवळच्या देवबागचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी 'तारकर्लीजवळ' शोधलं, माझं घर दिसलं. तुमचा तो 'एक नंबर' इंदूरवाल्याला कुठे सापडणार? फेरीबोटीच्या तिकिटामागे छापणार का?

आणि कमिशनचं रडगाणं पुरे. खोलीत पैसा नाहीच, पैसा ताटात आहे. सुरमईच्या ताटावर पोर्टल दमडी घेत नाही. चौघांचं कुटुंब दोन रात्री राहिलं तर तीन-चार वेळा जेवतं, एकदा कोंबडी-वडे सांगतं, जाताना कोकम आगळाच्या बाटल्या आणि मसाला घेऊन जातं. त्या माणसाला दारापर्यंत आणायचे ५९० रुपये मला महाग वाटत नाहीत.

शिंपलीतला मोती

आमच्या ग्रुपचं नाव 'पर्यटन व्यावसायिक मंच'. आजचे मेसेज : सुप्रभात १४, वाढदिवस २, हरवलेलं वासरू १. व्यवसाय उद्यापासून.

जमाखर्च (चिपळूण)

दोघांच्याही हिशेबात एक बाजू राहिली. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर घरवाल्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे थेट आलेल्या पाहुण्याला तो कर लावत नाही. तीच खोली पोर्टलवरून गेली की कर भरायची जबाबदारी पोर्टलवर येते आणि ते तो पाहुण्याकडून घेतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के. म्हणजे २५०० च्या खोलीला पाहुणा २६२५ देतो आणि खाडीकाठ यांच्या हातात १९१० पडतात. कमिशनवरचे ते ९० रुपयेही नोंदणी नसल्यामुळे वळते होत नाहीत. मधल्या ७१५ रुपयांत दोघांनाही जागा आहे : पाहुण्याला थोडं स्वस्त, घरवाल्याला थोडं जास्त.

पोर्टलशी केलेला करार मात्र नीट वाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने खोल्या विकणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांना मिळून सुमारे ३९२ कोटींचा दंड केला. त्यातल्या एकीच्या करारात अट होती की हॉटेलवाल्याने दुसरीकडे कमी दर लावायचा नाही.

खाडीकाठ, ते सामाईक खातं मात्र डोक्यातून काढा. पाहुण्याचे पैसे आधी जाळ्याच्या खात्यात आणि मग घरवाल्याला, असं केलंत तर उद्या कायद्याच्या नजरेत तुम्हीच पोर्टल ठराल. पैसे थेट ज्याच्या-त्याच्याकडे जाऊ देत. जाळ्याने वर्षाची वर्गणी घ्यावी.

पर्वती पायथा

मी गिऱ्हाईक आहे, बोलू का? दोन वर्षांपूर्वी समुद्राला लागून घर म्हणून एका फेसबुक ग्रुपवरच्या नंबरवर चार हजार पाठवले. पोचलो तर तिथे घर होतं, पण ते भलत्याच माणसाचं. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, उलट त्यानेच आम्हाला चहा पाजला. पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून बायको पोर्टलशिवाय ऐकत नाही, कारण तिथे निदान तक्रार ऐकायला कुणीतरी बसलेलं असतं. तुमच्या पंचवीस घरांत कोण बसणार आहे?

जाता जाता : सूर्यास्ताचा फोटो सगळे टाकता. संडास-बाथरूमचा एकही नाही. आम्हाला तोच बघायचा असतो हो.

सुपारीची बाग (दिवेआगर)

देवबागकर म्हणतात ते सीझनला खरं. आमची गोष्ट वेगळी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या अंगावर आलं. बागेत एक सुपारी धड उभी नव्हती, माडांचे शेंडे पिरगळून टाकलेले, कौलं शेजारच्या वाडीत. लाइट गेली, टॉवर गेले. आमच्या घरात एक लांबट हिशेबवही आहे, पाहुण्यांची. बायको नावापुढे, नंबरापुढे काहीबाही लिहून ठेवते. 'मुलाला तिखट नको.' 'आजोबांना खालची खोली, गुडघे.' 'बिनसाखरेचा चहा, पण लाडू खातात.' रेंज आल्यावर ती वही मांडीवर घेऊन खळ्यात बसली आणि एकेकाला फोन लावत गेली. मदत मागायला नाही, यंदा येऊ नका एवढं सांगायला. आठवड्याने पुण्याहून एक टेम्पो आला. ताडपत्र्या, मेणबत्त्या, एका पाहुण्याच्या कारखान्यातले पत्रे. त्यातले निम्मे पत्रे अजून आमच्या गोठ्यावर आहेत.

पोर्टलवरून आलेल्यांचे नंबर आम्ही कधी उतरवूनच घेतले नव्हते. जाळं करा, पण आधी वही करा.

घाटावरची

नेपाळमध्ये पोखऱ्याच्या दक्षिणेला सिरुबारी नावाचं गुरुंग लोकांचं गाव आहे. तिथे १९९७ पासून घरोघरी पाहुणे उतरतात, पण कुणाच्या घरी कोण, हे गावची समिती पाळीने ठरवते. पाहुणा घर निवडत नाही, गाव निवडतो. योगायोग बघा, सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तोही १९९७ लाच. आपल्याकडे पाळी का जमू नये?

देवबागकर

ताई, आमच्याकडे पालखी आधी कुणाच्या दारात जायची यावरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेली गावं आहेत. पाहुण्यांच्या पाळीवरून भाऊबंदकी पेटली तर ती कोण विझवणार?

खाडीकाठ

देवबागकर, उदाहरण तुम्हीच दिलंत. शिमग्यात पालखी घरोघर फिरते ती कुणाच्या ॲपवर? आधी कोण, मग कोण, कुठे वस्ती, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. वाद होतात ते मानाचे. शेवटच्या घराला पालखी पोचली नाही असं कधी ऐकलंत? पाळी आपल्याला येते. फक्त ती पैशाच्या कामात कधी वापरली नाही.

वेळासला २००६ पासून कासव महोत्सव भरतो आणि माणसं घरोघरी राहतात. तिथे पाहुणा कासवाच्या पिल्लांसाठी येतो, ती सगळ्या घरांना सारखीच. एका गावात पाळी लावायची तर असं काहीतरी सामाईक लागतं, हे मान्य. म्हणूनच मी गावात नाही, खाडीपलीकडे जोडा म्हणतोय.

धक्क्यावरचा

किनाऱ्याने जाणाऱ्या रेवस-रेड्डी मार्गावरचे खाडीपूल झाले की तुमची फेरीबोटच जाईल, पाहुणा न थांबता थेट मालवणात. मग साखळी कुठली बांधणार?

देवबागकर

येऊंदेत, माझ्याकडे जागा असा.

माजघर

कालपासून वाचतेय. सगळे जाळ्याबद्दल बोलताय, जाळ्यात असणार कोण?

आमच्या गावच्या ग्रुपवर ३८ नंबर आहेत. ३८ही पुरुषांचे. खोली आहे का, हे विचारतात आमच्या ह्यांना, आणि 'हो, या' म्हणतातही हेच. तांदूळ किती आहे, सिलिंडर कधी लावलाय, चादरी वाळल्यात का, न्हाणीघराचा नळ कालपासून गळतोय, हे मला माहीत. मला कळतं सात वाजता, 'अगं, अजून पाच जण आहेत' असं. मग मी शेजारणीकडून दोन नारळ आणि चार अंडी आणते. (त्या शेजारणीच्या नवऱ्याचं आणि आमच्या ह्यांचं दोन वर्षं बोलणं नाही. आमचं रोज आहे.)

सरकारने २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण काढलं. १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज परत मिळतं, चांगलं आहे. पण कागद बाईच्या नावाने, सही बाईची, जाहिरातीतला नंबर नवऱ्याचा, असं किती घरांत आहे ते मोजा.

खाडीकाठ भाऊ, त्या रात्री तुमचा मेसेज सोळा जणांनी बघितला म्हणता. त्यातल्या एकानेही घरात जाऊन विचारलं नसणार. बायकांच्या ग्रुपवर टाकला असतात तर दहा मिनिटांत कुणीतरी माजघर मोकळं करून दिलं असतं.

पर्वती पायथा

काकू, तुम्ही फोन उचलणार असाल तर मी पोर्टल सोडायला तयार आहे. बायकोला विचारून सांगतो.

खाडीकाठ

काकू, बरोबर आहे तुमचं. खरं सांगायचं तर त्या रात्री पडवीत गाद्या घालायची कल्पनाही बायकोचीच होती, वर लिहिताना मी ते खाल्लं.

पंचवीस घरांचं राहू दे. जमाखर्च म्हणतात तसं सामाईक खातं नाही, पैसे ज्याचे त्याच्याकडे. या दिवाळीला तीन घरं घेऊन बघू : दाभोळला एक, आमचं एक, जयगडच्या बाजूला एक. नंबर घरातल्या बाईचा. रोज संध्याकाळी तिघींनी एकमेकींना रिकाम्या खोल्या कळवायच्या. पोर्टल कुणी सोडायचं नाही, देवबागकरांचा मान राखून.

देवबागकर

मान राखलात, बरा झाला. पण ३१ डिसेंबराक माझ्याकडचो पावणो वर येताना वाटेत तुमच्याकडे थांबतो म्हणालो, तर फोन खयच्या नंबरार करू?

माजघर

जयगडच्या बाजूचं घर आमचंच धरा, म्हणजे मला करा. पण सकाळी आंबोळ्या हव्या असतील तर आदल्या दिवशी दुपारच्या आत. तांदूळ-उडीद एकदा भिजत पडले की माणसं वाढवता येत नाहीत.