मदत हवी आहे: टॉवेल कारखान्याचं सोशल ऑडिट, मस्टरचा नमुना पाहिजे

मागवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. एक्स्पोर्टची ऑर्डर आहे, त्यासाठी सोशल ऑडिट, म्हणजे कामगारांचे तास, पगार, सुरक्षा यांची तपासणी लागलीय. वर्षभराचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, आणि पगारपत्रक मागितलंय. आमच्याकडे पगार नगावर, दर आठवड्याला, वहीत मांडलेला. सल्लागार म्हणतो सगळं नव्या रजिस्टरात लिहून काढू, पण पैसे फार सांगतोय. कुणाकडे एक्सेलचा तयार नमुना असेल तर टाका. लवकर पाहिजे.

सुभाष_इचलकरंजी
कुठलं ऑडिट? एसए ८००० चं सर्टिफिकेट, की स्मेटा, बीएससीआयसारखी तपासणी? माणसं किती? पाळी किती तासांची? तारीख ठरलीय का? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार!

मागवाला_सोलापूर
सेडेक्सवर, त्या पुरवठादारांच्या वेबसाइटवर, नोंदणी करायला लावली, म्हणजे स्मेटाच ना? चार पिलरचं म्हणाले, म्हणजे कामगार, सुरक्षा, पर्यावरण आणि व्यवहारातली सचोटी. पार्टी जर्मनीची. तारीख नाही, तीन आठवड्यांत कधीही येतील म्हणे. पाळी बारा तासांची, इथं सगळ्यांचीच असते. नमुना आहे का?

ऑफिससोल्युशन्स
बायोमेट्रिक मशीन बसवून घ्या. हजेरी, ओव्हरटाइम, पगार सगळं आपोआप. आमच्या तीन कारखान्यांत चालू आहे. माहिती खासगी निरोपानं पाठवतो.

सुभाष_इचलकरंजी
आज बसवलेलं मशीन गेल्या वर्षाची हजेरी कुठून आणणार? मागवाले, माणसं किती ते अजून सांगितलं नाहीत.

मागवाला_सोलापूर
बावीस. पीएफ अकरा जणांचा भरतो, बाकीचे ठेकेदाराचे आहेत.

वैशाली_पूर्वी_ऑडिटर
दादा, काही वर्षं हेच काम केलंय म्हणून कळकळीनं सांगते, नवं रजिस्टर लिहू नका. ऑडिटर फक्त मस्टर बघून उठत नाही. सुताच्या आवकीची चलनं, रोजच्या उत्पादनाची वही, गेटवरची नोंद, वीजबिल, अपघाताची नोंद हे सगळं शेजारी ठेवून बघतो. मस्टरवर रविवारी सुट्टी आणि त्याच रविवारी मागावरून टॉवेल उतरलेले, की तिथंच धरलं. वर्षभराच्या सह्या एकाच पेनाच्या असल्या की पान उलटतानाच कळतं. मग कामगारांना एकेकट्याला बाजूला घेऊन विचारतात. बारा तास मागावर उभा राहणारा माणूस आठ तास सांगेलही, पण घरून कधी निघतो, जेवतो कधी, हे विचारलं की हिशेब जुळत नाही.

स्मेटात पास-नापास नसतं, सर्टिफिकेटही मिळत नाही. सापडलेल्या त्रुटींचा अहवाल होतो आणि दुरुस्तीला मुदत मिळते. जादा तास खरे दाखवले तर ती एक त्रुटी, सुधारता येणारी. खोटं रजिस्टर सापडलं तर तुमच्या पगाराच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास राहत नाही. ती जुनी वहीच समोर ठेवा. नगावरचा पगार तासांत मांडून किमान वेतनाला पुरतो का बघा. ४८ तासांवरचं काम दुप्पट दरानं द्यावं लागतं, पगार नगावर असला तरी. स्मेटा ज्या ईटीआय बेस कोडवर, म्हणजे कामगार-हक्कांच्या नियमावलीवर चालतं, त्यात ओव्हरटाइम धरून आठवड्याला ६० तास ही साधारण मर्यादा आहे. बारा तासांची पाळी सहा दिवस म्हणजे ७२. पीएफला ठेकेदाराची माणसंही मोजतात, म्हणजे बावीसच्या बावीस जणांचा भरायला हवा. उचल दिली असेल तर तीही दाखवा. ती फिटेपर्यंत माणूस सोडून जाऊ शकत नाही, असं दिसलं तर प्रकरण वेठबिगारीवर जातं.

निळू_पाटील
ताई, हे बोलायला ठीक. कराचीच्या अली एंटरप्रायझेसला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० मिळालं आणि ११ सप्टेंबरला आगीत अडीचशेच्या वर माणसं गेली. खिडक्यांना गज, दारं बंद. असल्या कागदाला काय किंमत?

वैशाली_पूर्वी_ऑडिटर
कागदाला नाहीच. म्हणूनच कागद रंगवू नका म्हणते. मागवाले दादा, रात्रपाळीला दार उघडं असतं का?

मागवाला_सोलापूर
शटरला बाहेरून कुलूप असतं. सुताची चोरी होते. चावी वॉचमनकडे असते. मी मस्टरचं विचारलं होतं.

वैशाली_पूर्वी_ऑडिटर
मस्टर राहू दे. आज रात्रीच कुलूप काढा. मे २०२५ मध्ये तुमच्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले, मालक आणि त्यांचं कुटुंबही त्यात होतं. सूत आणि टॉवेलची आग माणसाला वेळ देत नाही. बाहेर पडायची दोन दारं हवीत, आतून ढकलली की उघडणारी, आणि समोर गाठी रचलेल्या नकोत. चोरीसाठी कॅमेरा लावा, माल वेगळ्या खोलीत ठेवून तिला कुलूप घाला.

ऊसाचा_फड
टॉवेलवाल्यांना निदान ऑडिट तरी आहे. आमच्या बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या, सरकारनं २०१९ मध्ये नीलम गोऱ्हेंची समिती नेमली. कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या नवरा-बायकोच्या जोडीला, उचल मुकादम देतो, कारखाना म्हणतो कामगार आमचे नाहीतच. त्यांचं मस्टर कोण तपासणार?

सुभाष_इचलकरंजी
वेगळा धागा काढा भाऊ, लिहू तिथं. इथं आधी याचं मार्गी लागू दे.

डसेलडॉर्फकर
इथल्या कंपनीत खरेदी विभागात आहे. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२३ पासून आहे, २०२४ पासून हजार कामगारांवरच्या कंपन्यांना लागू झाला. त्यात पुरवठादाराला तोडणं हा शेवटचा उपाय मानलाय, आधी सुधारणेचा प्रयत्न करावा लागतो. त्यामुळे आधीच लेखी कळवा की तास जास्त आहेत, तीन पाळ्या करायला इतके महिने लागतील.

निळू_पाटील
आणि नगामागे भाव वाढवून देणार का तुमचा खरेदी विभाग? दुप्पट ओव्हरटाइम जुन्या भावात कसा बसतो?

डसेलडॉर्फकर
प्रश्न रास्त आहे. भावही त्याच पत्रात मागा. न मागता कुणी देत नाही, हे मी रोज बघतो.

मागवाला_सोलापूर
आजपासून शटरला कुलूप लावायचं नाही, वॉचमनला सांगितलं. पीएफ आणि तीन पाळ्यांचं वडिलांशी बोलावं लागेल, ते चिडतील. अजून एक. टॉवेलच्या कडा बाहेर शिवायला जातात, बायका घरी शिवतात. त्यांची नावं आमच्याकडे नाहीत, ठेकेदार वाटून येतो. ते सांगायचं का?

वैशाली_पूर्वी_ऑडिटर
हो. ठेकेदाराकडून नावं, गल्ली, नगाचा दर आणि रोज किती शिवून होतं ते लिहून घ्या. मग दोनचार घरी स्वतः जाऊन दर विचारा. ठेकेदार सांगतो तो आणि त्यांच्या हातात पडतो तो, दोन्ही इथं टाका. पुढचं त्यावरून बघू.