अनुभवी डेटा विश्लेषकाने आधी काय शिकावे: नवी साधने की संख्याशास्त्र?

चर्चेचा प्रस्ताव
दहा-बारा वर्षे डेटा विश्लेषणात काढलेल्या व्यक्तीने प्रत्येक नव्या साधनामागे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली डेटा परस्परांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवण्याचे रिलेशनल मॉडेल मांडले, त्यावर आधारलेल्या एसक्यूएल या डेटा मागवण्याच्या भाषेची आद्य आवृत्ती १९७४ च्या सुमारास आयबीएममध्ये घडली, आणि आजही विश्लेषकाचे बरेचसे काम त्याच भाषेत चालते. उलट प्रचंड डेटा अनेक संगणकांवर वाटून हाताळणारे हडूपचे मॅपरिड्यूस कष्टाने शिकलेल्या अनेकांना काही वर्षांतच स्पार्क या त्याच कामाच्या नव्या साधनाकडे वळावे लागले. म्हणून नोकरी सांभाळून मिळणारा थोडा वेळ संख्याशास्त्राला आणि आपल्या उद्योगाचे व्यवहार समजून घेण्याला द्यावा.

प्रतिसाद १ (असहमत)
ज्याची नोकरी पक्की आहे, त्यालाच हे मत परवडते. अर्जांच्या पहिल्या चाळणीत पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), पॉवर बीआय (आलेख व अहवालांचे साधन) यांसारखे शब्दच शोधले जातात. संख्याशास्त्राची जाण दिसते ती मुलाखतीपर्यंत पोहोचल्यावर. शिवाय साधनाबरोबर विचारही बदलतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, आणि वर्षानुवर्षे तेवढ्यातच काम करणारा माणूस नकळत तेवढ्यात मावणारेच प्रश्न विचारू लागतो.

प्रतिसाद २ (दोघांशीही असहमत)
नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतरची परिस्थिती दोघांच्याही मांडणीत नाही. क्वेरी, म्हणजे डेटा मागवणारा कोड, लिहून देणारे यंत्र हाताशी असताना कोड पाठ असण्याला पूर्वीइतके मोल उरलेले नाही. मात्र तो तपासता येण्याचे मोल वाढले आहे. ऑर्डरचे टेबल ऑर्डरमधील वस्तूंच्या टेबलाशी जॉइन करून, म्हणजे दोन्हींतील जुळणाऱ्या ओळी जोडून, मग ऑर्डरच्या एकूण रकमेची बेरीज केली, तर तीन वस्तूंची ऑर्डर तीनदा मोजली जाते. क्वेरी विनातक्रार चालते, आलेख सुबक दिसतो आणि विक्री फुगलेली निघते. जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजणे, बेरीज हिशेब विभागाच्या आकड्याशी ताडून पाहणे, हे शिक्षण कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा निकडीचे आहे. (प्रमाणपत्रांच्या बाजाराबद्दल न बोललेलेच बरे.)

प्रस्तावकाचे उत्तर
तपासणीचा मुद्दा मान्य. परंतु काय तपासायचे, हे शेवटी संख्याशास्त्रच सांगते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के, तर स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के निवडले गेले. विभागवार पाहिल्यावर बहुतेक ठिकाणी स्त्रियांविरुद्ध कल आढळला नाही, कारण त्यांचे अर्ज जास्त चुरस असलेल्या विभागांकडे अधिक होते. यात एकही क्वेरी चुकलेली नव्हती.

प्रतिसाद १ (पुन्हा)
उदाहरण चोख आहे, तरी क्रमाबाबत माझे मत कायम आहे. ज्याला लवकरच नोकरी बदलायची आहे, त्याने आधी पायथन घ्यावे आणि सरावासाठी हेच आकडे पांडाज या पायथनमधील डेटा हाताळण्याच्या साधनात विभागवार फोडून पाहावेत.