मदत हवी आहे: एमआरआयमध्ये कॅव्हर्नोमा निघालाय, तरी डीएसए करायची का?

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला (वय २९) झोपेत फिट आली. सीटी स्कॅनमध्ये एक पुसट पांढरट ठिपका दिसला, पण त्यावरून काही ठरेना, म्हणून एमआरआय केला. रिपोर्टमध्ये डाव्या टेम्पोरल लोबमध्ये १४ मिमीचा कॅव्हर्नोमा (बारीक रक्तवाहिन्यांची गाठ) लिहिलाय: आतून पॉपकॉर्नसारखा, भोवती हिमोसिडेरिनची (जुन्या रक्तातल्या लोहाची) काळी कड. शेजारी एक डीव्हीए (जन्मजात वेगळ्या रचनेची शीर) आहे. एसडब्ल्यूआयमध्ये (जुनं रक्त टिपणारा एमआरआयचा प्रकार) मेंदूत इतरत्र काही नाही. गोळ्या सुरू झाल्यापासून फिट आलेली नाही.

न्यूरोसर्जन म्हणतात, डीएसए (नळीतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचे एक्स-रे) करून एव्हीएम (धमन्या आणि शिरा थेट जोडलेला गुंता) नाही याची खात्री करू. न्यूरोलॉजिस्ट म्हणतात, गरज नाही. मांडीतून नळी घालणार हे ऐकून आई फार घाबरली आहे. एमआरआयमध्ये कॅव्हर्नोमा आणि एव्हीएमची गल्लत होते का? आणि आम्हा भावंडांनीही तपासून घ्यावं का? कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे. स्कॅन न बघता निर्णय देता येणार नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते.

एव्हीएममध्ये धमनीतलं रक्त थेट शिरेत जोराने घुसतं. प्रतिमा टिपेपर्यंत ते रक्त तिथून पुढे गेलेलं असतं, म्हणून टी२ वर (एमआरआयच्या एका प्रकारच्या प्रतिमेत) काळ्या, वेटोळ्या रेषांचा गुंता दिसतो. त्याला आम्ही फ्लो व्हॉइड म्हणतो. कॅव्हर्नोमात रक्त जवळजवळ साचूनच असतं, त्यामुळे डीएसएमध्ये तो बहुधा दिसतच नाही. तुम्ही लिहिलंय तसं स्पष्ट चित्र असेल तर सहसा डीएसए लागत नाही. मात्र ताजा रक्तस्राव असेल तर मूळ दोष त्याखाली झाकला जातो. तेव्हा सर्जनचा आग्रह रास्त ठरतो, किंवा रक्त विरल्यावर एमआरआय पुन्हा करतात. म्हणून दोघांनाही हेच विचारा: फ्लो व्हॉइड आहेत का, रक्तस्राव ताजा आहे का?

डीव्हीएची भीती नको. ती मेंदूच्या निरोगी भागाचं रक्त वाहून नेते, म्हणून शस्त्रक्रिया झालीच तरी तिला हात लावत नाहीत.

एकच गाठ आणि शेजारी डीव्हीए, हे बहुधा आनुवंशिक नसतं. गाठी अनेक असत्या किंवा घरात आणखी कुणाला फिट, मेंदूत रक्तस्राव असं झालं असतं, तर भावंडांच्या तपासणीचा विचार केला असता.

आणि सीडी जपून ठेवा, नुसती फिल्म नको. एसडब्ल्यूआयवर गाठ असते त्याहून मोठी दिसते. पुढच्या वेळी 'वाढली' असं कुणी म्हणालं, तर माप टी२ वर घेतलंय का ते आधी विचारा.