बहादूरच्या लेखकांना काय विचारावे? आठवणींचा आणि प्रश्नांचा धागा

शहापूरकर, बेळगाव :
गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने आमच्या घरचे बांधणी केलेले इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक वाचून काढले आणि मला सरळ विचारले, "मामा, हे सगळं सुचलं कुणाला?" त्यांतले नायक वेताळ आणि मॅन्ड्रेक या दोघांचे जनक ली फॉक होते आणि ते १९९९ साली गेले, एवढे मी त्याला सांगितले. पण त्याला सर्वांत आवडला होता तो बहादूर, आणि बहादूर आपल्याच देशात १९७६ साली जन्मला. तो लिहिला आबिद सुरती यांनी आणि चित्रांत उभा केला गोविंद ब्राह्मणिया यांनी. भगवा कुडता आणि जीन्स घालणारा तो नायक आपल्यापैकी कितीतरी जणांनी वहीच्या शेवटच्या पानावर काढला असेल.

आमच्या वाचक मित्रमंडळींत असे ठरते आहे की, सीमाभागातील मराठी वाचकांच्या वतीने सुरती यांना एक पत्र लिहावे. उत्तर देणे सर्वस्वी त्यांच्या इच्छेवर आहे. माझी एवढीच विनंती आहे की, पत्रात नुसते कौतुक असू नये. ज्या माणसाने सारे आयुष्य लिहिण्यात घातले, त्याला त्याच्या कामाविषयी नेमके विचारणे यातच खरा आदर आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून प्रत्येकाने आपली आठवण लिहावी आणि तिच्यातून निघणारा एक प्रश्न द्यावा.

माझा प्रश्न असा : बहादूरचा बाप डाकू होता आणि तो पोलिसांच्या गोळीने मेला. ज्या विशालने ती गोळी झाडली, त्यानेच पुढे या मुलाला वाढवले. बापाला मारणारा आणि बापाच्या जागी उभा राहणारा माणूस एकच आहे, ही गोष्ट मुलांच्या हातात जाणाऱ्या अंकात मांडताना आपल्याला कोणी अडवले का? की मुलांना हे पेलते, याची आपल्याला आधीपासूनच खात्री होती?

खानापूरकर :
धागा काढल्याबद्दल आभार. आमचे अंक लोंढ्याहून मीटरगेज गाडीने येणाऱ्या काकांच्या पिशवीतून येत असत. बहादूरचे गाव जयगड म्हटल्यावर मला रत्नागिरीकडचा किल्लाच डोळ्यांपुढे येई आणि चंबळसारखी घळ तिथे कुठे असेल, हे मी नकाशात शोधत असे. माझा प्रश्न : खऱ्या जिल्ह्याचे नाव न देता कल्पित गाव निवडले, ते डाकूंचा प्रश्न नाजूक होता म्हणून, की लिहिताना मोकळीक मिळावी म्हणून?

निपाणीकर :
माझी आठवण थोडी लांब आहे, पण प्रश्न तिच्यातूनच निघतो, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या घरी आई आणि मावशी विड्या वळत असत. दोघींच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने, तंबाखू आणि दोरा. संध्याकाळपर्यंत ठरलेल्या विड्या पूर्ण व्हायच्या असल्यामुळे मान वर करायला सवड नसे. शाळेतून आल्यावर मी त्यांना इंद्रजालचा अंक मोठ्याने वाचून दाखवीत असे. पहिल्याच दिवशी अडचण आली. मी संवाद वाचत होतो आणि मावशी विचारत होती, "अरे, पण तो पडला कसा? कुणी ढकललं?" संवादांत ते कुठेच नव्हते. ते चित्रात होते आणि चित्र पाहायला त्या दोघींचे डोळे मोकळे नव्हते.

तेव्हापासून मी प्रत्येक चौकट आधी आपल्या शब्दांत सांगू लागलो : बहादूर दरडीच्या टोकाशी उभा आहे, मागून एक हात येतो आहे, हाताचा मालक दिसत नाही, खाली नदी आहे. एवढे सांगून मग फुग्यातले वाक्य वाचायचे. हळूहळू माझ्या लक्षात आले की, चांगल्या पानावर फुग्यात फार थोडे शब्द असतात आणि सांगावे लागणारे बरेच असते, तर कच्च्या पानावर पात्रे एकमेकांना डोळ्यांसमोरचीच गोष्ट सांगत बसतात. पुढे मी मराठीचा शिक्षक झालो, तेव्हा निबंध तपासतानाही मला हा फरक उपयोगी पडला. आई शेवटपर्यंत बहादूरला "आपला पोरगा" म्हणत असे, हेही येथे नोंदवतो.

माझा प्रश्न : मी आईला जे सांगत होतो, तेच आपण चित्रकारासाठी आधी कागदावर लिहीत होता का? म्हणजे हात कोणत्या बाजूने यावा, चेहरा झाकलेला असावा, ही चौकट मोठी असावी, हे लेखकाने ठरवायचे, की ब्राह्मणिया यांनी चित्र काढल्यावर आपण संवाद कमी करीत होता? आणि लिहिलेले एखादे आवडते वाक्य चित्र पाहून स्वतःच्या हाताने खोडावे लागले, असे कधी झाले का?

शहापूरकर :
निपाणीकर सर, आपला प्रश्न पत्रात पहिला ठेवावा असे मला वाटते. सुपाची आठवणही प्रश्नासोबत तशीच जाऊ द्यावी.

चिकोडीची माहेरवाशीण :
स्वयंपाक उरकून लिहिते आहे, म्हणून थोडक्यात. आमच्या घरी अंक आधी भावांच्या हातात जात आणि माझ्यापर्यंत येईतो मुखपृष्ठ फाटलेले असे, तरीही बहादूरची जोडीदार बेला हिच्यासाठी मी वाट पाहत असे. ती सुटका व्हावी म्हणून ताटकळत बसणारी नव्हती, ती स्वतः लढत होती आणि बहादूरच्या बरोबरीने बोलत होती. शिवाय लग्न न करता ते दोघे एकत्र राहत होते. आमच्या घरातील मोठ्या माणसांनी हे वाचले असते तर अंक बंदच झाले असते. सुदैवाने त्यांना चित्रांची पुस्तके वाचण्याजोगी वाटत नव्हती. माझा प्रश्न : बेलाविषयी मुलींची पत्रे येत होती का, आणि आली असतील तर त्यांत काय लिहिलेले असे?

अनगोळकर :
विषय जरा सोडून लिहितो, त्याबद्दल क्षमा असावी. मला प्रश्न विचारायचे होते ते अनंत पै यांना. ते आपल्याच कर्नाटक राज्यातील कारकळचे. दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून त्यांनी अमर चित्र कथेचे काम हाती घेतले आणि १९६७ पासून ती मालिका उभी केली. १९८० साली टिंकल हे मुलांचे नियतकालिक सुरू केले. एकाच कथेच्या तीन परंपरा असतील तर त्यांतील कोणती घ्यायची आणि उरलेल्या दोन सोडताना मनाची समजूत कशी घालायची, हे मला त्यांच्याकडून समजून घ्यायचे होते. २०११ साली ते गेले. म्हणून माझे सांगणे इतकेच आहे की, हे पत्र लांबणीवर टाकू नये. सुरती यांचा जन्म १९३५ चा आहे.

गोकाकवासी :
कोणाकडे बहादूरचे कन्नड अंक आहेत का? मी मराठी अंक वाचत असे आणि शेजारचा मित्र कन्नड. आम्ही दोन्ही अंक कट्ट्यावर शेजारी ठेवून पाने मिळवून पाहत होतो. मला कन्नड लिपी शाळेआधी त्या पानांवर समजू लागली. माझ्याकडचे अंक पुरात भिजून गेले.

खानापूरकर :
गोकाकवासी, आमच्या एका नातेवाइकांकडे काही कन्नड अंक आहेत, पण त्यांत बहादूर आहे की केवळ वेताळ, ते पाहून कळवतो. पुराबद्दल वाचून वाईट वाटले.

टिळकवाडीची वाचक :
आमच्या घरात अंक जमवणारा माझा थोरला भाऊ होता. तो आता नाही. त्याने प्रत्येक अंकावर विकत घेतल्याची तारीख आणि दुकानाची गल्ली लिहून ठेवली आहे. १९९० साली इंद्रजाल बंद झाले, तेव्हा त्याने कित्येक आठवडे दुकानदाराकडे चौकशी चालू ठेवली होती. प्रश्न त्याच्या वतीने विचारते : मालिका बंद झाली, तेव्हा बहादूरची एखादी गोष्ट आपल्या मनात अर्धी राहिली होती का?

चिकोडीची माहेरवाशीण :
ताई, तुमच्या भावाचे नाव पत्रात आवर्जून घालू या. त्या तारखांचे एक पान छायाचित्र काढून सोबत जोडता येईल का?

टिळकवाडीची वाचक :
हो, आज रात्री काढून ठेवते. तुमच्या शब्दांनी फार बरे वाटले.

वडगावकर :
मी नळजोडणीची कामे करतो. बहादूर मी लहानपणी थोडाच वाचला. सुरती यांचे नाव मला दुसऱ्या कारणाने माहीत आहे. २००७ पासून ते मीरा रोडला प्लंबरला सोबत घेऊन घरोघरी जातात आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देतात. आमच्या शहरात राकसकोप जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात दिवसाआड देखील मिळत नाही, आणि त्याच दिवसांत एखाद्या इमारतीत एका झिजलेल्या वायसरमुळे रात्रभर पाणी वाहून जाताना मी पाहतो, तेव्हा त्यांची आठवण होते. ज्याने लाखो मुलांसाठी डाकूंशी लढणारा नायक लिहिला, धर्मयुग या हिंदी साप्ताहिकात वर्षानुवर्षे ढब्बूजी ही व्यंगचित्रमालिका काढली, त्याने उतारवयात पान्ह्याचे काम आपले मानले, याचा माझ्या धंद्याला मान वाटतो.

माझा प्रश्न : अनोळखी घराचे दार उघडल्यावर पहिले वाक्य आपण काय बोलता? आम्हांला पैसे घेऊन जातानाही लोक संशयाने पाहतात. आणि त्या घरांत ऐकलेल्या गोष्टींपैकी एखादी आपण चौकटींत लिहिली आहे का?