शब्दचर्चा : 'भेट', 'पाकीट' की 'लाच'?

मुद्रितशोधक
पत्रकारांच्या आचारसंहितेच्या मराठी मसुद्यात वाक्य आलंय : 'वार्ताहराने सूत्रांकडून भेट घेऊ नये.' नियम आहे तो कार्यक्रमांत पत्रकारांच्या हाती सरकवल्या जाणाऱ्या पैशांच्या पाकिटांबद्दल. पण वाचणाऱ्याला वाटेल, सूत्रांची गाठच घेऊ नये. 'भेटवस्तू' करावं, की सरळ 'लाच' लिहावं?

शब्दपारखी
'भेट' इथे नकोच. 'भेट घेतली' आणि 'भेट दिली' या दोन्ही प्रयोगांना दुहेरी अर्थ आहे, आणि नियमाच्या वाक्यात दुहेरी अर्थ म्हणजे वादाला आमंत्रण. पण 'भेटवस्तू'ने एक घोळ मिटतो आणि दुसरा सुरू होतो. पेन, घड्याळ, शाल या भेटवस्तू. नोटांना आपण वस्तू म्हणत नाही. 'मी वस्तू घेतलीच नाही' असं म्हणणारा निघाला, तर भाषेच्या अंगाने त्याचं चूक नाही. तेव्हा 'रोख रक्कम' वेगळी लिहा आणि तिच्या शेजारी खरेदीची कुपनं, गिफ्ट कार्डं, मोबाइलवरून पाठवलेले पैसेही बसवा.

कायदेकानू
'लाच'ही पुरत नाही. मूळ संस्कृत 'लञ्चा'. शब्द सणसणीत आहे, पण त्यात देवाणघेवाण गृहीत असते : अमुक कामासाठी तमुक पैसे. आंतरराष्ट्रीय पत्रकार महासंघाच्या 1954च्या बोर्दो जाहीरनाम्यातही हेच. बातमी छापण्याच्या किंवा दडपण्याच्या मोबदल्यात कोणत्याही स्वरूपात लाच घेणं हा तिथे गंभीर व्यावसायिक अपराध ठरवलाय. अडचण 'मोबदल्यात' या शब्दाशी आहे. पाकीट देणारा काही मागतच नाही! 'असू द्या' एवढंच म्हणतो. मागणी पुढच्या वेळी येते, तीही बहुधा न बोलता.

दक्षिण कोरियाने ही गाठ वेगळ्या तऱ्हेने सोडवली. 28 सप्टेंबर 2016 पासून लागू झालेल्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात पत्रकारही येतात. एका व्यक्तीकडून एका वेळी 10 लाख वॉनहून किंवा वर्षभरात 30 लाख वॉनहून अधिक घेतलं, तर मोबदला सिद्ध झाला नाही तरी गुन्हा. प्रश्न 'कशासाठी' वरून 'किती' वर आला.

शब्दपारखी
आणि त्याच कोरियात अशा पैशाला 'चोन्जी' म्हणतात, म्हणजे 'छोटासा मनोभाव'! हे सौम्य शब्द जगभर सापडतात. घानात 'सोली' (सॉलिडॅरिटीचं लघुरूप), चीनमध्ये 'चमाफेइ', म्हणजे गाडी-घोड्याचा खर्च. कॅमेरूनमध्ये 'गोंबो', म्हणजे चक्क भेंडी. मेक्सिकोत 'चायोते', तीही एक फळभाजीच. (भाज्यांचं काय वाकडं केलंय पत्रकारांनी, कोण जाणे.) इंडोनेशियात 'वार्तावान आम्प्लोप', पाकीटवाला पत्रकार; त्यातली 'वार्ता' आपलीच, संस्कृतातली.

आपलं 'पाकीट' आणि अरबीतून आलेला 'लिफाफा' त्याच माळेतले. दोन्ही शब्द वेष्टनाचं नाव सांगतात, आत काय आणि कशासाठी ते सांगत नाहीत. बोलीत, मथळ्यात 'पाकीट पत्रकारिता' झकास. नियमात मात्र तो शब्द नको.

अधूनमधून
मग 'मानधन' म्हणून दिलं तर? आणि 'पेड न्यूज' हेच ना?

वृत्तकक्ष
दोन्ही वेगळं. मानधन ठरलेल्या कामाचं असतं : व्याख्यान, परीक्षण, लेख. रक्कम आधी कळते, पावती होते, कर कापला जातो, संपादकाची परवानगी असते. यातलं काहीच नसेल तर 'मानधन' हे फक्त पाकिटावरचं नाव. आणि ज्याच्यावर आपण बातम्या लिहितो त्याच्याकडून खरंखुरं मानधनही घेऊ नये. पेड न्यूजमध्ये किंमत देऊन मजकूर छापून आणलेला असतो आणि पैसा अनेकदा संस्थेच्या तिजोरीत जातो. पाकीट व्यक्तीच्या खिशात जातं आणि त्यात बातमीचा सौदा बोललेला नसतो.

मला क्रियापद जास्त खटकतंय. 'घेऊ नये' आणि 'नाकारावी' यात फरक आहे. माहितीपत्रकांच्या फाइलमध्ये सरकवलेलं पाकीट कचेरीत आल्यावर सापडतं. ते 'घेतलं' नाही म्हणता येतं, पण नाकारलंही गेलेलं नसतं. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्सच्या संहितेत क्रियापद 'नाकारा' असंच आहे.

म्हणून फाइल तिथेच उघडून पाहायची. पाकीट निघालं तर साक्षीदारासमोर त्याच माणसाच्या हाती परत. उशिरा सापडलं तर सहकाऱ्यासमोर मोजायचं, त्याच दिवशी परत करायचं, पोच घ्यायची आणि देणाऱ्याला दोन ओळींची ईमेल करायची, प्रत संपादकाला. नोंदवहीत तारीख, कार्यक्रम, देणारा, रक्कम, कशी परत केली. देणारा कळतच नसेल तर रक्कम संपादकाकडे, नोंदीसकट. ती बातमी शक्यतो दुसऱ्याने करावी.

चुका ठरलेल्या आहेत. लेखी न कळवता नुसतं परत केलं की देणाऱ्याच्या यादीत नाव तसंच राहतं. हजेरीच्या कागदावर न वाचता सही केली, तर कधी तीच पैशाची पोच निघते. 'मी ते दान केलं' हेही चालत नाही. देणाऱ्याच्या हिशेबात ते पोहोचलेलंच असतं. सहकाऱ्याकडे 'परत दे रे' म्हणून सोपवणं सगळ्यांत वाईट, कारण मग दोघांवर संशय.

मुद्रितशोधक
मग असं करतो : 'वार्ताहराने सूत्रांकडून आलेली रोख रक्कम नाकारावी.'

कायदेकानू
'सूत्रांकडून' काढा. सूत्र म्हणजे माहिती देणारा. पाकीट बहुतेकदा कार्यक्रमाचा आयोजक किंवा जनसंपर्कवाला देतो, आणि तो स्वतःला सूत्र मानत नाही. 'बातमीशी संबंध असलेल्या कुणाहीकडून' लिहा. 'स्वतःसाठी वा कुटुंबीयांसाठी' हेही घाला.

मुद्रितशोधक
'वार्ताहराने बातमीशी संबंध असलेल्या कुणाहीकडून, स्वतःसाठी वा कुटुंबीयांसाठी देऊ केलेली रोख रक्कम किंवा रोखीसमान काहीही, मोबदला मागितलेला असो वा नसो, नाकारावे. नकळत हाती आल्यास त्याच दिवशी परत करून लेखी नोंद करावी.'

शब्दपारखी
'रक्कम... नाकारावी', 'काहीही... नाकारावे'. लिंग जुळत नाही. शेवटचं पद 'काहीही' आहे, तेव्हा 'नाकारावे' राहू द्या. पण मग आधीचं 'देऊ केलेली' खटकतं. 'देऊ केलेले पैसे किंवा पैशांसमान काहीही' करून बघा.